उघडता येणारी इस्त्री

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललेलं ह्यांना ऐकू जातं, म्हणून लिहिते आहे. डॉक्टरांनी ह्यांचे उपचार थांबवले. फार तर दोन महिने, म्हणाले. तुझ्या भाओजींना ते ठाऊक आहे. मी तुला सांगितलेलं मात्र त्यांना ऐकायचं नाही.

बाकी ठीक. हॉस्पिटलसमोरची खोली हवेशीर आहे, दोन घास जेवतात. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

काल हट्टाने मला बाजारात नेलं. घरासाठी नवी इस्त्री घ्यायची होती. जन्मभर लोकांची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, दुकानातली प्रत्येक इस्त्री उलटी करून पाहिली. दुकानदार म्हणाला, "काका, पाच वर्षांची गॅरंटी आहे."

"माझी नाही ना," हे म्हणाले. "स्क्रूवाली दाखव. चिकटवलेली हिला उघडता येणार नाही."

खोलीवर आल्यावर मला ती तीनदा खोलून पुन्हा जोडायला लावली. "बीए झालीस, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते चाळीस वर्षांत कळलं नाही."

"तुम्ही होतात ना," मी म्हणाले.

येणार असशील तर लवकर ये, आणि इथे रडू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. आज सकाळी ह्यांनी माझ्या ताब्यात दिलं: स्क्रूड्रायव्हर चार, पकड एक, टेस्टर एक, इस्त्रीची जादा कॉइल एक. सगळं मोजून घेतलं.