टीव्हीतलं कोसारान

माय, बाईला मी काही महिने माझ्याकडे चंद्रपूरला आणलं होतं. तुझी मोठी लेक आता सत्तरीला टेकली आहे. आषाढात अंगणात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, इथल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि दिवाळीपर्यंत फार हिंडू नको असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ती माझ्या दोन खोल्यांच्या घरात राहिली. मी रिटायर झालेली, लेक बंगळुरूला, घरात बोलायला कोणी नाही. मला वाटलं, लहानपणीसारख्या दोघी बहिणी एका गोधडीत गप्पा मारू. पण बाई खिडकीशी खुर्ची ओढून बसायची आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे, तिच्या कडेनं डोकावणाऱ्या कोळशाच्या धुळीनं काळवंडलेल्या कडुनिंबाकडे पाहत राहायची. जेवतेस का विचारलं तर "ठेव". झोपतेस का विचारलं तर "पाह्यतो". हळूहळू हे दोन शब्दही कमी झाले. वॉकर भिंतीला टेकलेला असायचा आणि मी हात धरल्याशिवाय ती त्याला शिवत नसे.

मला तेव्हा तुझं रान फार आठवायचं. वैनगंगेच्या पलीकडे, गावाबाहेर, येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांची ती रांग. कोशाचे, टसर रेशमाचे किडे झाडावर सोडले की तू महिना-दीड महिना तिथंच खोपीत राहायचीस. आपल्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात त्या दिवसांत मासा शिजत नसे. चुलीवर नुसती आंबील आणि अंबाडीची भाजी, आणि तू म्हणायचीस, किड्याले वास लागते. मी नऊ वर्षांची आहे, बाई चौदाची. सकाळचं ऊन पानांतून गळून खाली येतं, कुठे नाण्याएवढं, कुठे ताटाएवढं, आणि वारा आला की ते सगळे तुकडे जमिनीवरून पळतात. बाई हातात गुलेल घेऊन पाखरं हाकलते. मी झाडाच्या बुंध्याशी शाळेचं पुस्तक उघडून बसले आहे, आणि माझ्या डोक्यावरच्या फांदीतून कावळा किडे टिपून नेतो. तू मागून येऊन पुस्तक हिसकावतेस. "वाचाले डोळे आहेत तुले, किडे पाह्याले नाईत काय गे पोट्टे?" मला एकही किडा दिसत नाही. हिरव्या पानावर हिरवा किडा. बाई मात्र लांबूनच मोजते, सात, आठ, तो अकरावा. पुढच्या वर्षी तू मला सावली गावच्या वसतिगृहात घातलंस आणि बाईची शाळा सोडवून तिला रानात ठेवलंस. शेजारीण काही बोलली तेव्हा तू म्हणालीस, "एकीले देवानं डोळे दिले, एकीले डोकं. जिचं जे आहे ते." मी बसमध्ये बसले तेव्हा बाई रस्त्यावर उभी होती. ती रडली नाही. मीही रडले नाही, माझ्या पायांत नव्या चपला होत्या.

तेच रान आता बाईचा मुलगा बघतो. दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो आईला भेटायला आला. येण्याआधी त्या सकाळी त्यानं नव्या फोनवर रानाचा व्हिडिओ काढला होता, झाडाझाडाजवळ जाऊन, सावकाश. तो पेन ड्राइव्हवर घालून मला म्हणाला, "मावशी, आईले मोठ्या टीव्हीवर दाखवजो. फोनवर किडे लय बारीक दिसते." त्याला लगेच परतायचं होतं, किड्यांपाशी कोणी नव्हतं. बारक्या घरात मावत नाही असा टीव्ही मी निवृत्त होताना घेतला होता. दुपारी बाईला समोर बसवलं आणि व्हिडिओ लावला. सगळं रान फिक्कट. आकाश पांढरं, पानं करडी, सावल्यांत नुसता धूर.

बाईनं क्षणभर पाहिलं. "हे कुठचं रान होय?"

"आपलंच ना बाई."

"आपलं नाई. याच्यावर कोणी राख टाकली." मग, भिंतीला सांगावं तसं, "नाई तं माह्येच डोळे गेले असतील. तेवढेच राह्यले होते."

तिनं खुर्ची खिडकीकडे फिरवली. माय, तिचा मोतीबिंदू काढून वर्षही झालं नव्हतं, नजर ठणठणीत होती. पण माणसानं एकदा मनात घेतलं की घेतलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

भाच्यानं जाण्याआधी तो व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवरही ठेवला होता, आणि त्याच्या फोनवर मी स्वतः पाहिला तेव्हा ते रान जिवंत होतं. म्हणजे रान खरं होतं, डोळे खरे होते, खोटं मध्येच कुठेतरी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात टीव्हीच्या दुकानात गेले. दुकानदार मुसलमान गृहस्थ, माझ्याच वयाचे, त्यांचे वडील याच जागी रेडिओ दुरुस्त करायचे. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं.

"टीव्ही खराब नाई, ताई," ते म्हणाले. "हे नवे फोन उजेड अलग तऱ्हेनं पकडते. उन्हातलं बी ठेवते, सावलीतलं बी ठेवते. एचडीआर म्हणते त्याले. तुमचा टीव्ही पेन ड्राइव्हवरून ते वाचून नाई राह्यला, मंग तो सगळ्याले सारखंच करून टाकते. लॅपटॉप आहे ना घरी? त्याच्यावरून लावा. पण तार नवी लागन, जुन्या तारेतून एवढं जात नाई." त्यांनी बिलाच्या मागे कोणती सेटिंग आधी आणि कोणती नंतर ते लिहून दिलं.

घरी येऊन मी टीव्हीच्या मागे वाकले, तार लावली, कागद गुडघ्यावर धरला. आधी टीव्हीत जाऊन, जिथं तार लावली त्या जागेची सेटिंग बदलायची. मग लॅपटॉपमध्ये एचडीआर चालू करायचं. पडदा एकदा काळा झाला, मग कोपऱ्यात ती तीन अक्षरं उमटली आणि विझली. रान आलं, पण तिन्हीसांजेसारखं अंधारलेलं. बराच वेळ शोधल्यावर कळलं, वीज वाचवण्याची सेटिंग चालू होती. ती बंद केली. मग घाईघाईत सगळ्यात भडक चित्राचा पर्याय दाबला, तेव्हा मागून आवाज आला, "एवढा हिरवा तं पोपट बी नसते."

बाईची खुर्ची माझ्याकडे वळली होती. मी मागे न पाहता सिनेमाचा पर्याय निवडला आणि खिडकीचा पडदा ओढला.

कसं सांगू माय. खोलीत सकाळ झाली. ऊन पानांवरून ओघळत होतं आणि तरी पान जळून पांढरं झालं नव्हतं, त्याच्या शिरा दिसत होत्या. फांदीखाली सावली होती आणि सावलीत पुन्हा हिरवं होतं, ओलसर, खोल. एका किड्याच्या कुशीवरचे चंदेरी ठिपके वळताना चमकले. मला पहिल्यांदाच किडा दिसला होता, तोही वयाच्या साठीनंतर, चंद्रपूरच्या घरात. वाटलं, आता तू खोपीतून वाकून बाहेर येशील, हातातला कोयता झाडाला टेकवशील. आम्ही दोघी हललोच नाही. व्हिडिओ संपला, मी पुन्हा लावला, पुन्हा संपला.

तिसऱ्यांदा बाई म्हणाली, "थांबव."

मी थांबवलं. तिनं माझ्याकडे हात केला नाही. वॉकर ओढला, उठली, एकेक पाऊल टाकत टीव्हीपर्यंत गेली आणि काचेवर बोट ठेवलं. फांदीच्या आतल्या, सगळ्यात गडद कोपऱ्यात. "हा लटकला. डोकं खाली. आन हा दुसरा."

मला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. मागच्या पायांनी धरलेले, दोन काळपट, ढिले, उलटे लोंबणारे जीव. असा रोगी किडा एक दिसला तर आठवड्यात पूर्ण झाड जातं, हे मलाही तुझ्या तोंडून ऐकून माहीत होतं.

"फोन लाव पोराले," बाई म्हणाली.

भाच्यानं फोन उचलला तेव्हा तो रानातच होता. बाई टीव्हीकडे पाहत बोलत होती, तिचा आवाज खोलीत मावत नव्हता. "वाकड्या येनापासून तिसरं झाड. आतली डहाळी. काढ ते, खड्ड्यात पूर, वर चुना टाक. त्या झाडाले लागलेल्या हातानं दुसऱ्याले शिवू नको. चांगले किडे डहाळीसकट नाल्याकडच्या झाडांवर ने. आत्ता. उद्या नाई."

"पण आई, तुले तिथून कसं दिसलं?"

"मले दिसते," बाई म्हणाली, आणि त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. त्या झाडावर आणखी बरेच निघाले, शेजारच्या झाडावरही थोडे. दोन झाडं गेली, बाकी रान वाचलं. पुढे कोसा चांगला उतरला. पण बाई तोवर थांबणार नव्हती. दिवसभर बोलायची, मला किडे ओळखायला शिकवायची, आणि दर संध्याकाळी विचारायची, "डॉक्टर कवा सोडते?" वॉकर घेऊन ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून चढून दाखवायची. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. भाचा गाडी घेऊन आला. निघताना बाईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तू बी ये ना रानात. किडे नाई दिसले तं नाई दिसले. बसून वाच. आता कोण रागवते?"

मी तिला गाडीत बसवलं, पायांखाली उशी दिली, दार लावलं. हसले. हातही हलवला. भाचा म्हणाला, मावशी, तू नसती तं रान गेलं असतं. सगळे असंच म्हणाले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, माय, आणि बाईलाही वाचून दाखवायचं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर मी जिना चढून वर आले, रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिले, आणि माझ्या मनात जे आलं ते तुलाच तेवढं सांगते. मला वाटलं, ती नवी तार मी आणलीच नसती, तर बाई अजून माझ्या घरी असती.