ती बोलेल त्या दिवशी

प्रिय ठके,

या दुखण्याची खरी किंमत काय पडली ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला आडून आडून विचारायला नको. अकरा किलो वजन, डोक्यावर उरलेसुरले होते तेवढे केस, आणि तुझ्या आईचं एकशे नऊ दिवसांचं बोलणं. वजन भरून येईल म्हणतात. केसांचं फारसं दुःख नाही, त्यांनी आधीच गाशा गुंडाळायला घेतला होता. तिसऱ्या गोष्टीची मात्र सवय होत नाही. फोन करायचा सोडून बाबा कागद का खरडत बसलाय असं तुला वाटेल. जरा दम धर.

आई का बोलत नाही ते तुला ठाऊक आहे, पण सुरुवात कशी झाली ते ठाऊक नसेल. कॅन्सर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरी येईपर्यंत ती सारखी बोलत होती. डॉक्टरांच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, म्हणजे त्यांच्याकडे बघणारं घरी कोणी नसणार, हा निकाल तिने जिना उतरतानाच देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली चिठ्ठी. तुम्ही बरे झालात असं डॉक्टर म्हणेपर्यंत मी बोलणार नाही, देवाला सांगितलंय, तुम्ही मध्ये पडू नका. मी हसलो. दुकानात पंपाची मोटार खोलता खोलता हाताखालच्या मिस्त्रीला म्हटलं, बघ, आजारपणात एक तरी सोय झाली. तोही हसला. तिसऱ्या दिवशी तोच विनोद पुन्हा केला, तर तो मान खाली घालून तार गुंडाळत राहिला.

दुसरं कोणी गोड सोडलं असतं, एखादा उपास धरला असता. तिने जवळची सगळ्यात मोठी चीज देऊन टाकली. जी बाई कुकरशी बोलायची, न उघडणाऱ्या खिडकीची खरडपट्टी काढायची, ती आता लिहिते, 'गोळी घ्या. दुपारची.' पूर्वी याच गोळीपायी मला माझ्या आईपासून सगळ्या खानदानाचा उद्धार ऐकावा लागला असता. तेव्हा मी नुसता हूं हूं करायचो गं. देवाशी माझा फारसा संबंध नाही, पण तिचा आहे आणि तो पक्का आहे. तू लेख पाठवतेस, जावई फळांच्या याद्या पाठवतात, ती गप्प बसते. प्रत्येकाने आपापली दोरी धरली आहे. दुसऱ्या टोकाला मी आहे, त्यामुळे मला कुणाचीच सोडवत नाही.

माझी दोरी म्हणजे माझे कान. तुला माहितीच आहे, शाळा मी सहावीत सोडली, पण मोटार रस्त्यावरून आत आणायच्या आधी, बाहेरच चालू करून नुसत्या आवाजावरून सांगायचो, बेअरिंग गेलंय की आतल्या तारेचं वाइंडिंग जळलंय. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायला यायचे. या भागात माझ्यासारखा कान दुसऱ्या कोणाला नाही, हे मी दहा जणांत सांगत आलोय आणि दहाही जणांनी मान डोलावली आहे. आई गप्प झाल्यावरही मी या कानांवर निभावून नेलं. चपलांच्या आवाजावरून ती कुठल्या खोलीत आहे ते कळायचं. झाकण कसं ठेवलं यावरून राग कितपत आहे ते कळायचं. एकदा दुपारी मी ताटात तसंच टाकून उठलो, तर तिने चार झाकणं अशी लावली की अख्खं भाषण झालं. मला इतकं बरं वाटलं, की बसून उरलेलं संपवलं.

मग झाकणांचा आवाज येईना. मला वाटलं राग गेला. कुकरची शिट्टी येईना, तेव्हा खरं काय ते लक्षात आलं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, हे औषध गाठीवर चांगलं लागू पडतंय, पण काहींचे कान घेतं. बारीक, उंच आवाज आधी जातात, मग बाकीचे. गेलेलं परत येत नाही. दुसरं औषध आहे, पण तितकं जोरदार नाही. चार डोस झाले होते, दोन राहिले होते. मी म्हटलं, आहे तेच चालू ठेवा. फोनवर मी लाइन खराब आहे, लाइन खराब आहे म्हणतो ना, लाइन उत्तम आहे. तुझं बोलणं मला निम्मंसुद्धा ऐकू येत नाही.

आईला यातलं काही माहीत नाही आणि तूही सांगायचं नाहीस. सांगितलं तर माझे कान आहेत तोवर बोलून घ्यावं म्हणून ती देवाला दिलेला शब्द मोडेल, आणि उद्या माझं बरंवाईट झालं तर आपण बोललो म्हणून झालं, असं समजून जन्मभर जीव जाळत बसेल. ते ओझं मला तिच्या डोक्यावर ठेवायचं नाही. तेव्हा एकच काम कर. शेवटच्या डोसनंतर तपासणी आहे. तिची तारीख कळली की रजा टाक आणि ये. डॉक्टर बरा आहे म्हणतील असं मी धरून चाललोय. मग ती तिथेच, जिन्यातच, बोलायला लागेल, आणि एवढे दिवस साठलेलं सगळं एकदम निघेल. मी तिच्याकडे बघत हूं हूं करीन, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. तू शेजारी राहा, नीट ऐक आणि घरी आल्यावर मला सगळं लिहून दे, शिव्यांसकट. तोवर मला काही ऐकू येत असेल, या भरवशावर राहू नकोस. काल मी एक मोटार ऐकून ठीक आहे म्हणून देऊन टाकली. तिचं बेअरिंग गेलेलं होतं, गिऱ्हाईक आज परत घेऊन आलं.

तुझाच,
बाबा