अण्णापासून लपवलेली कबड्डी

वडगाव, बेळगाव

अण्णा,

दोन वर्षं तुझ्याशी खोटं बोलले. माझी मंजू शिवणाच्या क्लासला न्हाय, कबड्डीला जात होती. चड्डीवर खेळते म्हणून तू माझी कबड्डी नववीतच बंद केलीस, मग लेकीचं सांगायला माझी जीभ रेटेना.

आज निपाणीच्या मैदानावर तू गर्दीत दिसलास आणि मी डोक्यावर पदर ओढून मागं सरले. सामना संपल्यावर तू सरळ मंजूकडं गेलास. तिचा गुडघा फुटला होता. खाली बसून रुमालानं रक्त पुसलंस.

"लई दुखतंय व्हय गं?"

मग माझ्याकडं न बघता म्हणालास, "तुझा खेळ मी उगंच बंद केलता."

घरी येऊन पोटभर रडले, मग पोटभर जेवले. हे पत्र पाठवत न्हाय. रविवारी मंजूला घेऊन मीच येते.

तुझी धाकटी बहीण,
रूपाली