गच्चीचं कुलूप आणि एक शब्द

४ जून, सकाळी ७
गच्चीला कायमचं कुलूप लावण्याचा निर्णय सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सेक्रेटरीला तेवढा अधिकार आहेच. दुसऱ्या मजल्यावरच्या भीमरावांनी लिहिलं, आधी मीटिंग घ्या. मी उत्तर दिलं, ‘अर्बन नक्षल प्रवृत्तींपासून सावध.’ एकवीस अंगठे. सडेतोड माणूस लोकांना आवडतो.

५ जून
सौ. सुनीतीचं म्हणणं, भीमरावांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढली, तुमच्या बायपासला रक्तही त्यांनीच दिलं; त्या शब्दाचा अर्थ तरी सांगा. म्हटलं, संदर्भातून कळतो. तिने संदर्भ विचारला. फिरायला गेलो.

९ जून
भीमराव जिन्यात भेटले. नमस्कार नाही. लोक मतभेद पर्सनली घेतात.

१२ जून
संकल्प: मोठ्या मनाने मेसेज मागे घेणे. डिलीट होईना, मुदत संपलेली. मग ‘शब्द जरा जास्त झाला’ असं लिहिलं. तळमजल्यावरच्या दत्तप्रसादने लगेच मला ‘फुरोगामी’ म्हटलं. सव्वीस अंगठे. बरेचसे तेच एकवीस.

१३ जून
खुलासा टाकला: शब्द योग्यच होता. ठाम राहिलो.

२० जून
हवालदार आले. भीमरावांच्या मुलीला, सोनालीला, सरकारी नोकरी लागलीय, त्यासाठी चारित्र्य पडताळणी. कुणीतरी माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट चौकीत दिलाय. हवालदारांनी विचारलं, हे आपणच लिहिलंत ना, मग पुरावा काय. मी म्हटलं, विषय व्यापक आहे. ते म्हणाले, उद्या चौकीत या.

२१ जून, सकाळी
तयारी पूर्ण. ‘लोकशाही आणि भाषा’ यावर दोन पानं. एक शब्दही मागे घेणार नाही.

२१ जून, दुपारी
पानं कुणी वाचली नाहीत. बाकावर सोनाली होती. दहावीला तिचं गणित मीच घेतलं होतं. काका, बसा म्हणाली आणि उठून उभी राहिली. मी लिहून दिलं, ‘सदर शब्दाचा अर्थ मला माहीत नाही. रागाच्या भरात लिहिला.’ खाली सही. हवालदार म्हणाले, हुद्दाही लिहा.

८ जुलै
सोनालीची पडताळणी झाली. भीमराव पेढे घेऊन आले. दिगंबरराव आहेत का, विचारत होते. सुनीती म्हणाली, आहेत. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पाऊण तासाने बाहेर आलो. भीमराव बसलेलेच होते. परत आत जायला काही कारण सुचेना.