मनीचं निळं पांघरूण

बेलापूर, शनिवार, १० जानेवारी १९५९

सकाळपासून पोटातलं बाळ हललेलं नाही. आता दिवेलागण झाली, तरी नाही. आठवा सरत आला. मागची दोन्ही बाळं याच सुमारास गेली.

क्रोशाचं निळं पांघरूण जवळजवळ पुरं झालंय. घरात सांगितलंय, आमच्या मांजरीसाठी विणतेय, मनीसाठी. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही करायचं नसतं, एक टाकाही घालायचा नसतो. मागच्या खेपेला मी हौसेनं झबली शिवून ठेवली होती. म्हणून या वेळी मनीचं नाव पुढे केलं. लोकरीचा चेंडू, विणलेला छोटासा मासा, तेही तिचेच. ती खरंच खेळते त्यांच्याशी. पांघरुणावर झोपतेही. मग हे खोटं कसं?

पण देवाला कळलं असेल तर? निळ्या पांघरुणाची एकच ओळ राहिलीय आणि सुई पुढे सरकत नाही. सगळं उसवलं तर हलेल का ते? हल रे बाबा, एकदा तरी.

मघाशी उसवायला धागा ओढला, तोच सासूबाई आत आल्या. लपवायला वेळच मिळाला नाही. त्यांनी माझा हात धरला. पायाशी झोपलेल्या मनीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "उसवू नको. मांजरीला टोपरं पन विन. थंडी हाय."

टोपऱ्याची पहिली साखळी घातलीय. अजून हललं नाही.