सर्व टाक्यांना समान न्याय

७ जानेवारी
कुलगुरूंनी बोलावलं. विद्यापीठात नवं केंद्र काढायचं घाटतंय. शेती, कायदा, वैद्यक आणि मत्स्यशेती, चार विभागांचं संशोधन एका छताखाली. मे महिन्यात बाहेरची तज्ज्ञ समिती पाहायला येणार. ती खूश झाली की केंद्र मंजूर, आणि केंद्र म्हटलं की संचालक आलाच. तोपर्यंत समन्वयक म्हणून कायदा विभागातून मी. मलाच का, असं विचारलं तर कुलगुरू म्हणाले की बाकी सगळ्यांना कामं आहेत. गर्भितार्थ लगेच ध्यानात आला. संचालक मीच.
बायकोला सांगितलं. म्हणाली, निवृत्तीला वर्ष उरलंय, गप बसा की जरा. या घरात कर्तृत्वाला वाव नाही.
संकल्प: रोज एका प्रयोगशाळेला भेट. रोज सकाळी चालणं.

८ जानेवारी
थंडी फार. चाललो नाही. भेटही उद्यापासून.

१९ जानेवारी
विषय समजून घेतला. सोपा आहे. एक कडू पानांचं झुडूप. शेतीवाले सर ते वाफ्यांत वाढवतात. माझी भाची मत्स्यशेतीत पीएच.डी. करते, राहते आमच्याकडेच. ती ही पानं वाळवून माशांच्या खाद्यात मिसळते आणि कल्ल्यांचा रोग हटतो का ते बघते. डॉक्टर त्याच पानांचं मलम करून पायांवरच्या न भरणाऱ्या जखमांवर लावतात.
डॉक्टरांनी विचारलं की यात कायद्याचं काय काम. मी म्हणालो, दृष्टी. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. भारावले असावेत.
माझा निबंध तिघांनाही दिला: ‘पुरात शेजाऱ्याच्या तळ्यात गेलेल्या माशाची मालकी’. शेतीवाले म्हणाले, निवांत वाचतो. भाची म्हणाली, मामा, हा तुम्ही मला बारावीला दिला होतात.

२ फेब्रुवारी
आज मत्स्यशेतीच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष गेलो आणि हादरलो.
लांबलचक खोली, ओली फरशी, दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या. डावीकडचे मासे तुकतुकीत. उजवीकडचे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताहेत. विचारलं, यांना काय झालंय? भाची शांतपणे म्हणाली की रोग दोन्हीकडे आहे, पानांचं खाद्य फक्त डावीकडे. उजवीकडे साधं.
का? तर म्हणे तुलनेसाठी.
माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी! औषध हाताशी असताना निम्म्यांना तडफडत ठेवते आणि तोंड वर करून तुलना म्हणते. तिथेच समतेच्या तत्त्वावर बोललो. चांगला रंग चढला होता. ती म्हणाली, मामा, जरा सरका, मापं घ्यायची आहेत.

४ फेब्रुवारी
दवाखान्यात तोच प्रकार. निम्म्या रुग्णांना पानांचं मलम, निम्म्यांना बिनऔषधाचं. कोणाला कुठलं ते नर्सलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. म्हणजे अन्याय करताना कोणावर करतोय हे बघायचंसुद्धा नाही! डॉक्टर म्हणाले की रुग्णांनी समजून उमजून सही केली आहे. मी म्हणालो, सही म्हणजे संमती नव्हे, हे मी पहिल्या वर्षाला शिकवतो. ते म्हणाले, मग पहिल्या वर्षाला जाऊन शिकवा.
मत्सर.
शेतीवाल्यांकडे निम्म्या वाफ्यांना खत, निम्मे उपाशी.
तीन विभाग, एकच पाप. आणि यांना हे पाप तक्ता काढून समितीला दाखवायचं आहे! केंद्राची अब्रू आता माझ्या हातात.

९ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. बोलून उपयोग नाही, कृती हवी.
समन्वयक म्हणून माझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत. भाची अंघोळीला गेली तेव्हा निघालो. प्रयोगशाळेत खाद्याची दोन पिंपं. हिरव्या झाकणाचं पानांचं, पांढऱ्या झाकणाचं साधं. दोन्ही एकमेकांत ओतली, फावड्याने सारखी केली, पुन्हा निम्मी निम्मी भरली. झाकणं जागच्या जागी. शर्ट खराब झाला. क्रांतीत शर्ट खराब व्हायचाच.
यापुढे दर आठवड्याला, ती पिंपं भरेल त्याच्या दुसऱ्या दिवशी.

११ फेब्रुवारी
शेतीवाले सर लग्नाला परगावी. माळ्याला सांगितलं, उरलेल्या वाफ्यांनाही खत घाल. तो म्हणाला, घालतो. इतकं सोपं होतं.
दुपारी दवाखान्यात रुग्णांसमोर उभा राहिलो. म्हटलं, मित्रहो, तुमच्यातल्या निम्म्यांना नुसतं बिनऔषधाचं मलम चोळलं जातंय! एका आजोबांनी स्वतःची ट्यूब हुंगली, मग शेजाऱ्याची हुंगली. शेजाऱ्याच्या ट्यूबला कडू वास. मग सगळेच एकमेकांच्या ट्यूबा हुंगू लागले. निघालो तेव्हा वासाची मलमं पायापायांवरून फिरत होती. एका बाईने मला आशीर्वाद दिला. डोळे पाणावले. माझे.

६ मार्च
उजवीकडचे मासे तुकतुकीत!
चालायला सुरुवात करायला हवी. पोट सुटलंय. उद्यापासून.

१४ मार्च
भाची जेवली नाही. कागद घेऊन बसली होती. डोकावलो. दोन रेषा आधी लांब लांब होत्या, आता एकमेकींना चिकटून चालल्या आहेत. किती सुंदर दृश्य! मी म्हणालो, छान. तिने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.
तिचं म्हणणं असं की पानांनी काहीच होत नाही, रोग आपोआपच जातोय, आणि आधी दिसलेला फरक तिच्याच मोजण्यातली चूक असणार. तिची मार्गदर्शक बाई म्हणाली की असंच राहिलं तर प्रबंध विसर.
मी काय केलंय ते सांगितलं नाही. सत्कार्याचा डंका पिटू नये. शिवाय समितीसमोर सांगितलं तर परिणाम जास्त होईल.

२ एप्रिल
डॉक्टरांचंही तेच. कोणत्या गटाला काय दिलं ते अजून पाकिटात बंद, पण दोन्ही गटांच्या जखमा सारख्याच भरताहेत म्हणून चेहरा पाडून बसलेत. माणसं बरी होताहेत आणि डॉक्टर उदास! या पेशाचं काही खरं नाही.

११ एप्रिल
भाचीने सगळी मापं पहिल्यापासून पुन्हा तपासली. चूक सापडत नाही म्हणून रडली. स्वयंपाकघरात मामीला विचारत होती, मामी, मी मुळातच बावळट आहे का गं? मी बाहेरूनच म्हणालो की नम्रता हा चांगला गुण आहे.
बायको बाहेर आली आणि म्हणाली, तुम्ही तोंड बंद ठेवा, घर चालेल.
जेवणानंतर भाचीला अपयशाचं महत्त्व समजावून सांगितलं. अपयशातून माणूस घडतो, असं बरंच. ती मध्येच उठून गेली. घडायला गेली असावी.

२८ एप्रिल
भाचीने प्रबंधात लिहिलं: पानांचा उपयोग आढळला नाही. समितीसमोर तेच मांडणार आहे. आवाज बसलाय, वजन उतरलंय. मनात म्हटलं, थोडे दिवस थांब पोरी. तुझा मामा तुझा दिवस सोन्याचा करणार आहे.
भाषण पाठ. आरशासमोर दोनदा टाळ्या मिळाल्या असत्या.

१५ मे
समिती आली. अध्यक्षा कडक बाई, पांढरे केस. आधी शेतीवाले, मग डॉक्टर, मग भाची. तिघांचंही एकच रडगाणं: फरक आढळला नाही.
मग मी.
उठलो आणि पहिल्याच वाक्याला सभागृह पकडलं. म्हणालो, फरक आढळला नाही, कारण मी फरक नष्ट केला! मग पिंपं, खत, मलम, सगळं क्रमाने. समतेवरचा परिच्छेद तर असा झाला की शेतीवाले सर तोंडावर रुमाल धरून बसले.
अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे पानांचा उपयोग बहुधा होतो, पण फेब्रुवारीपासूनच्या कामावरून ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही, असंच ना? मी म्हणालो, बाई, सिद्ध कशाला करायचं? मासे बघा ना, किती खूश आहेत! त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. गौरव असणार.
भाची बाहेर निघून गेली. आनंद पचायला वेळ लागतो.

१६ मे
भाचीने बॅग भरली. हॉस्टेलला चालली. सगळं काम पहिल्यापासून करायचं म्हणे, नवे मासे, नवी मापं. जाताना एकच वाक्य बोलली: मामा, दोन महिने मला वाटत होतं की माझंच डोकं फिरलंय.
मी म्हणालो, संशोधकाने स्वतःवर शंका घ्यायलाच हवी.
बायकोच्या हातात पातेलं होतं. ते तिने खाली ठेवलं असं म्हणता येणार नाही.

३ जून
केंद्र मंजूर. संचालक डॉक्टर. राजकारण.
किल्ल्या परत मागवल्या. विशेष म्हणजे तिन्ही विभागांनी मिळून पहिल्यांदाच एक संयुक्त मजकूर लिहिला, तिघांच्या सह्यांचा. चार विद्याशाखांचं मीलन माझ्यामुळेच झालं हे इतिहास विसरणार नाही. मजकूर माझ्याविरुद्धची तक्रार आहे, हा तपशील झाला.
कुलगुरू म्हणाले की उरलेलं वर्ष घरूनच काम करा. कोणतं काम, असं विचारलं. म्हणाले, कोणतंही करू नका.

२४ जून
सकाळी भाचीचा फोन. बायको बाहेर जिन्यात जाऊन बोलली. मी आत, दाराला कान लावून. पोरगी शेवटी रक्ताची आहे, राग किती दिवस टिकणार.
बोलणं संपल्यावर विचारलं, माझी चौकशी केली का गं? बायको म्हणाली, केली. छाती भरून आली. विचारलं, काय म्हणाली?
आज प्रयोगशाळेत नवे मासे सोडायचे आहेत म्हणे. मामा घरीच आहेत ना, आणि संध्याकाळपर्यंत घरीच राहतील ना, एवढंच विचारलं.
म्हणालो, तिला सांग, मामा कुठे जातोय. आणि तू आत ये, चहा टाक.
बायको म्हणाली, संध्याकाळी. हे सगळं दाराआडून. कडी तिने बाहेरून लावली होती.