चौथ्या बादलीच्या ठोक्याबाबत

प्रति,
मा. गटनोंदणी अधिकारी,
महिला लघुशेती उद्योग विभाग,
गटनोंदणी कार्यालय.

विषय : मयत सभासदाचा राजीनामा समक्ष घेतल्याचे कळविणे, तसेच तिच्या सुनेस गटात दाखल करून शेड गटाकडेच ठेवणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, जावक क्र. ३१७.

महोदय,

१. अर्जदार ही मशरूम पिकवणाऱ्या दहा बायकांच्या गटाची हजेरी लिहिते. आपल्या विभागाने दिलेल्या शेडमधल्या खोलीचे दार सारखे उघडले की ओल पळते व पिशव्या वाया जातात. म्हणून अर्जदार बाहेर पायरीवर बसून नावे पुकारते, आतली बाई आपल्या बादलीवर एक ठोका देते, आणि नावापुढे 'हजर' लागते. पूर्वी तोंडाने हजेरी होती, परंतु आतल्या गप्पांत कोणाचा होकार कशाला, हे कळत नसे.

२. चौथ्या क्रमांकाच्या सभासद, म्हणजे अर्जदाराच्या थोरल्या जाऊबाई, तीन तारखेस मयत झाल्या. दाखला लगेच आपल्या कार्यालयात दिला. पाच दिवसांनी काम सुरू झाले तेव्हा अर्जदाराने सवयीने चौथे नाव घेतले, जीभ चावली, आणि तेवढ्यात आतून ठोका आला. आत आठ जणी होत्या. ठोके नऊ झाले. अर्जदाराला माणसे ओळखता येत नसतील, पण मोजता येतात. ठोका आला म्हणून हजर लावले. असे एकवीस दिवस चालले.

३. कोणी खोडी काढते काय, हेही तपासले. पहिला संशय अर्थातच जिला गटात 'रेडिओ' म्हणतात तिच्यावर होता. तिला बाहेर अर्जदाराशेजारी बसवले. चौथ्या ठोक्याला ती गप्प झाली, ती अद्याप गप्प आहे. जाऊबाईंची बादली पाहिली, तर ती कोपऱ्यात पालथी व कोरडी होती.

४. परिणामी आपल्या एका टेबलावर जाऊबाई मयत आहेत, म्हणून शेडसाठी लागणाऱ्या दहाऐवजी सभासद नऊच भरतात, सबब शेड काढून घ्यावी. दुसऱ्या टेबलावर त्या हजर आहेत, म्हणून जागा रिकामी नाही, सबब सुनेस घेता येत नाही. यावर संदर्भीय पत्रात तोडगा आहे : सदर सभासदाचा राजीनामा समक्ष घेऊन पंधरा दिवसांत सादर करावा. समक्ष म्हणजे कसे, असे अर्जदाराने आपल्या लिपिकांना विचारले. ते म्हणाले, "बाई, हजेरी तुम्ही लावता, मग आम्हाला काय विचारता?"

५. शेड गेली तर नऊ जणी पुन्हा दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातील. गेल्या सहा वर्षांत आमच्यापैकी एकीलाही दवाखान्यात जाण्यासाठी घरच्यांच्या तोंडाकडे बघावे लागलेले नाही. एवढेच नमूद करते.

६. म्हणून गुरुवारी सर्व जणी आत गेल्या. सुनेलाही नेले. जाऊबाईंनी हयातीत तिला त्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. हिच्या हाताला घाई आहे, पिशव्या कुजवील, असे त्या चारचौघींत म्हणत. अर्जदाराने आपले पत्र जावक क्रमांकासह मोठ्याने वाचले. मग सून त्या बादलीपाशी बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तशी पिशवी भरीन. सावकाश भरीन. आता घरी चला."

७. शुक्रवारी चौथे नाव पुकारले. ठोका आला नाही. अर्जदाराने पुन्हा पुकारले. तिसऱ्यांदाही पुकारले, जे नियमात बसत नाही. ठोका नाहीच. गैरहजर लावले.

सबब, ही गैरहजेरी हाच राजीनामा समजावा व शेड राहू द्यावी. सुनेस अकरावा क्रमांक द्यावा. चौथा कोरा ठेवावा; तिथे अर्जदाराला जरा थांबावे लागते. आधीचे एकवीस ठोके कोणाचे, याची चौकशी मात्र कृपया करू नये.

आपली,
पायरीवर बसणारी सभासद, क्रमांक एक
(सही)
दि. ९

सोबत :
१) मृत्यूचा दाखला (दुसऱ्यांदा).
२) सुनेचा अर्ज, आठ जणींच्या सह्यांसह.
३) हजेरीपत्रक. यात शुक्रवारची नोंद पेन्सिलीने आहे. शाईने लिहायला हात उचलला नाही. ती आपण आपल्या हाताने करून घ्यावी.